आधी देश ठरवा, मग फवारा

गोंदिया-भंडाऱ्याकडून येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. ‘आमचा तांदूळ आम्ही घरी खातो, लेकराबाळांना घालतो, इथल्या तपासणीत तो पास होतो. मग युरोपात गेल्यावर तोच तांदूळ नापास कसा होतो?’ विचारणाऱ्यांत शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक असतात, राईस मिलवाले असतात आणि नोकरी सोडून निर्यातीत उतरलेली तरुण मुलेही असतात. कंटेनर अडला की फटका फक्त व्यापाऱ्याला बसत नाही. गावातल्या दोन-तीनशे घरांचे पैसे अडकतात. म्हणून या लेखात शक्य तितके स्पष्ट लिहितो.

थोडक्यात उत्तर असे, की तपासणी बंदरावर होत असली, तरी निकाल बहुतेक वेळा धान शेतात उभे असतानाच लागलेला असतो. कोणत्या देशाला माल द्यायचा हे काढणीनंतर ठरवायला गेलात, तर बराच उशीर झालेला असतो.

एकाच दाण्याला दोन मापे का?

ट्रायसायक्लॅझोलचे उदाहरण घ्या. धानावरच्या करप्यासाठी आपल्याकडे हे बुरशीनाशक सर्रास वापरले जाते. युरोपीय संघात तांदळातल्या त्याच्या अंशाची मर्यादा पूर्वी किलोमागे १ मिलिग्रॅम होती. १ जानेवारी २०१८ पासून ती ०.०१ मिलिग्रॅम झाली, म्हणजे एकदम शंभरपट कडक. हे औषध वापरायला युरोपात मंजुरी नाही आणि मंजुरी नसलेल्या औषधाला तिथे सहसा ०.०१ हीच किमान पातळी लावतात. तुमचा तांदूळ खाऊन कोणी आजारी पडेल असे कुणी सिद्ध केलेले नाही. पण नियम तो नियम, आणि तो अमलात आहे. पुढे ही मर्यादा थोडी सैल करायचा प्रस्ताव आला होता, तो युरोपच्या संसदेने अडवला.

०.०१ म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून हिशेब करून पाहा. २५ टनांच्या अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून पाव ग्रॅम. एका एकरावर फवारायच्या १२० ग्रॅमच्या पुडीत, ती ७५ टक्के तीव्रतेची असेल तर, ९० ग्रॅम मूळ औषध असते.

नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना हे नवे नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि मोठा फटका बसला. त्यानंतर बागेची नोंदणी, फवारणीची नोंद आणि काढणीआधीची तपासणी तिथे अंगवळणी पडली. धान्याच्या बाबतीत ही शिस्त अजून रुजलेली नाही. धान्य हजार घरांतून गोळा होते आणि गिरणीत एकत्र होते, त्यामुळे ती रुजवणे अवघडही आहे.

आपणही दुसऱ्यांना असेच नियम लावतो. २०२१ पासून २४ पिकांच्या आयातीसोबत ‘हा माल जनुकीय बदल केलेला नाही’ असे प्रमाणपत्र भारत मागतो आणि अमेरिकेने त्यावर जागतिक व्यापार संघटनेत हरकत घेतली आहे. कॅनडाच्या वाटाण्याला आपण धुरीकरणाची अट घातली, त्यावरूनही वर्षानुवर्षे वाद झाला. तेव्हा समोरचा अधिकारी तुमच्या वाईटावर आहे असे समजू नका. त्याच्या टेबलावर कोणता तक्ता आहे तेवढे नीट समजून घ्या.

रोवणीआधी ठरवायची गोष्ट: माल कोणाला?

- युरोपीय संघ: औषधांच्या अंशांबाबत सर्वांत कडक बाजारांपैकी एक. तांदळाला निर्यात तपासणी परिषदेचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. धान्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादाही आपल्यापेक्षा कितीतरी खाली आहे. थेट खायच्या धान्यात चारही प्रकार मिळून किलोमागे ४ मायक्रोग्रॅम चालतात, आपल्याकडे १५.
- ब्रिटन: ब्रेक्झिटनंतर तिथले मर्यादांचे तक्ते वेगळे निघतात. युरोपचा तक्ता पाहून ब्रिटनचा करार करू नका. निर्यात तपासणी परिषदेचे प्रमाणपत्र इथेही लागते.
- अमेरिका: ज्या औषधाला तिथे मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश मुळीच चालत नाही. शिवाय खपरा भुंगेऱ्याचे भय मोठे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.
- जपान: यादीत नसलेल्या औषधाला सरसकट ०.०१ ची मर्यादा २००६ पासून आहे.
- चीन: बासमतीखेरीजच्या तांदळाला २०१८ च्या करारानंतर दार उघडले, पण फक्त मंजूर यादीतल्या गिरण्यांना. तुमची गिरणी यादीत नसेल, तर यादीतल्या गिरणीशी भरडाईचा करार हाच मार्ग उरतो.
- आफ्रिका आणि आखात: आफ्रिकेतल्या बऱ्याच बाजारांत कणीचे प्रमाण, ओलावा आणि भाव यांवर घासाघीस जास्त होते. आखातातले मोठे खरेदीदार मात्र आता औषधांच्या अंशांचे अहवाल मागू लागले आहेत.

माझे मत विचाराल, तर पहिल्याच वर्षी युरोपच्या मागे लागू नका. एक हंगाम नोंदींची सवय लावा, पन्नास-साठ शेतकऱ्यांचा गट पक्का करा, तोवर तुलनेने सोप्या बाजारात माल द्या. एका नापास कंटेनरने खचलेली कंपनी पुन्हा उभी करणे फार जड जाते.

आजऱ्याचा घनसाळ किंवा मुळशीचा आंबेमोहर तुमच्याकडे असेल, तर भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घ्या. ‘बासमती’ हे नाव मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही तांदळावर टाकू नका. ते मानांकन उत्तरेतल्या ठरावीक प्रदेशाचे आहे.

फवारणीची वही

हा सगळा खेळ या वहीवर उभा आहे. गटातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी लिहा: तारीख, औषधाचे मूळ नाव, प्रमाण, आणि कोणत्या कृषी सेवा केंद्रातून कोणत्या पावतीवर घेतले. दुकानी नाव पुरत नाही. एकच औषध दहा नावांनी विकले जाते आणि दोन औषधांच्या मिश्रणात नको असलेले औषध लपून येते.

पंजाब सरकार बासमतीच्या हंगामात दरवर्षी सुमारे ६० दिवस काही औषधांची विक्री आणि वापर थांबवते. २०२३ च्या यादीत अशी दहा औषधे होती. त्यांत ॲसिफेट, बुप्रोफेझिन, क्लोरपायरिफॉस, ट्रायसायक्लॅझोल, प्रोफेनोफॉस, थायमेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड अशी नावे आढळतात. आपल्याकडे अशी बंदी नसली, तरी निर्यातीच्या तुकड्यासाठी ही यादी डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. करप्यासाठी पर्याय काय वापरायचा हे दुकानदाराला विचारू नका. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला विचारा आणि त्याला देशाचे नाव आधी सांगा. करप्याला दाद न देणारे वाण निवडणे आणि युरियाचा मारा आवरणे या दोन गोष्टींनी फवारण्या कमी होतात, हे अनुभवी धान उत्पादक जाणतातच.

इथे तीन चुका वारंवार होतात:

१. डब्यावरचा प्रतीक्षा काळ पाळला म्हणजे झाले, असे मानणे. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, हे भारतातल्या मर्यादेवरून ठरवलेले असते. तो काळ पाळूनही दाण्यात ०.०१ पेक्षा जास्त अंश उरू शकतो.

२. ‘विसातला एखादाच चुकला’ म्हणून सोडून देणे. समजा वीस शेतकऱ्यांचा सारखाच माल एकत्र केला. एकोणीस जण पूर्ण स्वच्छ आणि एकाच्या धानात अर्धा मिलिग्रॅम अंश. सगळ्या ढिगाची सरासरी ०.०२५ येईल, म्हणजे मर्यादेच्या अडीचपट. म्हणून माल एकत्र करण्याआधी तपासणी करा. संशयाचा माल वेगळ्या थप्पीत ठेवा आणि देशात विका. त्या शेतकऱ्याला गटातून काढू नका. त्याच्याशी बोला, पुढच्या हंगामात तोच सर्वांत काटेकोर निघतो.

३. शेजारच्या बांधावरून येणारे तुषार आणि न धुतलेला पंप विसरणे. भाड्याचा पंप आदल्या दिवशी कशासाठी वापरला हे विचारायला लाजू नका.

औषध घेताना पक्की पावती आणि मराठीतले माहितीपत्रक मागणे हा तुमचा हक्क आहे. पावती नसेल, तर भेसळीचे औषध निघाले तरी ग्राहक आयोगापुढे तुमच्या हातात काहीच पुरावा राहत नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल: ‘आढळले नाही’ याचा अर्थ

मला दाखवायला आलेल्या अहवालांत सर्वांत जास्त घोळ इथेच दिसला. अहवालात ओळ असते, ‘ट्रायसायक्लॅझोल: आढळले नाही’. शेतकरी निश्चिंत होतो. पण शेजारच्या रकान्यात त्या प्रयोगशाळेची मोजण्याची किमान पातळी दिलेली असते. ती ०.०५ असेल, तर त्या अहवालाचा अर्थ एवढाच, की अंश ०.०५ पेक्षा कमी आहे. तो ०.०४ असू शकतो. युरोपच्या मापाने तो चौपट झाला.

नमुना देण्याआधी प्रयोगशाळेला हे प्रश्न लेखी विचारा:

- तुमच्या मान्यतेच्या कक्षेत तांदूळ आणि ही विशिष्ट औषधे आहेत का? एनएबीएलची मान्यता प्रयोगशाळेला असते, पण ती ठरावीक पदार्थ आणि ठरावीक चाचण्यांपुरतीच असते.
- प्रत्येक औषधाची मोजण्याची किमान पातळी ०.०१ किंवा त्याखाली आहे का?
- यादीत किती औषधे आहेत, आणि माझ्या वहीतले प्रत्येक नाव त्यात आहे का?
- निकाल कोणत्या देशाच्या मर्यादेशी ताडून देणार?

नमुन्याबद्दलही सांगितले पाहिजे. पोत्याच्या तोंडावरचे मूठभर तांदूळ नेलेत, तर अहवाल त्या मुठीचा असतो. थप्पीतल्या वेगवेगळ्या थरांतल्या पोत्यांतून नळीने नमुने काढा, एकत्र करा, त्याचे भाग करून सील करा. एक भाग तपासणीला, एक खरेदीदारासाठी, एक तुमच्याकडे. हा तिसरा भाग पैसा वसूल होईपर्यंत टाकू नका.

एक बारकावा आहे. युरोपातले अधिकारी औषधांचे अंश मोजताना मोजमापातली अनिश्चितता म्हणून सहसा ५० टक्के सूट धरून मगच कारवाई करतात. हे ऐकून काही जण ०.०१५ चा माल पाठवायला तयार होतात. तसे करू नका. तुमचा खरेदीदार ही सूट देत नाही, आणि दुसऱ्या नमुन्यात आकडा वर जायला वेळ लागत नाही.

‘फायटो’ मिळाले, तरी काम संपत नाही

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र एवढेच सांगते, की मालात नको असलेली कीड, रोग, तणबिया किंवा माती नाही. औषधाच्या अंशांबद्दल ते एक शब्दही बोलत नाही. पुष्कळ नवे निर्यातदार दोन्ही गोष्टी एकच समजतात.

धान्यासाठी यातले सर्वांत मोठे नाव म्हणजे खपरा. हा छोटा भुंगेरा आपल्या गोदामांत जुना पाहुणा आहे. त्याच्या अळ्या भिंतींच्या फटींत आणि जुन्या बारदानात वर्षानुवर्षे काहीही न खाता तग धरतात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया त्याला अतिशय घाबरतात. अमेरिकेला तांदूळ पाठवताना माल खपऱ्यापासून मुक्त आहे अशी जादा नोंद प्रमाणपत्रात लागते. ती नोंद नसेल, तर माल स्वच्छ असूनही अडतो.

म्हणून नवी पोती वापरा. कंटेनर भरण्याआधी आतून झाडून, कोपरे आणि तळाच्या फळ्या पाहून घ्या, आधीच्या मालाचे दाणे दिसले तर कंटेनर परत पाठवा. लाकडी पॅलेटवर आंतरराष्ट्रीय प्रक्रियेचा शिक्का हवा. धुरीकरण परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, आणि बोट पकडायची घाई म्हणून दिवस कापू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या धुरीला तापमानाप्रमाणे ५ ते ७ दिवस किंवा अधिक लागतात. अर्धवट धुरीने प्रौढ किडे मरतात, अंडी राहतात आणि ती समुद्रात उबतात. कोणते धुरीकरण त्या देशाला मान्य आहे, हे खरेदीदाराकडून लेखी घ्या.

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राचा अर्ज वनस्पती संगरोध विभागाच्या ऑनलाइन प्रणालीवर करायचा असतो.

जनुकीय बदलाचा संशय

२०२१ साली फ्रान्सने तांदळाच्या पिठात जनुकीय बदलाचे अंश सापडल्याची सूचना दिली. मूळ माल भारतातून गेलेली सुमारे ५०० टन कणी होती. भारतात असा तांदूळ व्यापारी स्वरूपात पिकतच नाही, असे आपल्या सरकारने सांगितले. तरी युरोपातल्या दुकानांतून माल परत बोलवावा लागला आणि तेव्हापासून खरेदीदार पुरावा मागतात. पेऱ्याच्या बियाण्याची पावती आणि पिशवीवरचे लेबल जपून ठेवा. ज्या ट्रकने किंवा गोदामाने सोयाबीन, सरकी किंवा मका हाताळला असेल, तो आधी साफ करून घ्या.

मे २०२५ मध्ये भारताने जनुक-संपादित तांदळाची दोन वाणे जाहीर केली. अशा वाणांना कसे वागवायचे याबाबत देशोदेशीचे नियम एकसारखे नाहीत. निर्यातीच्या तुकड्यात तसे वाण घेण्याआधी खरेदीदाराची लेखी संमती घ्या.

कागदपत्रांचा क्रम

१. परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, तपशील बदललेले नसले तरी. हे विसरल्याने संकेतांक बंद पडतो आणि ऐन वेळी धावाधाव होते.
२. अपेडाची, म्हणजे कृषी व प्रक्रिया अन्न उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाची, नोंदणी.
३. बासमतीखेरीजच्या तांदळासाठी सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक करार अपेडाकडे नोंदवणे बंधनकारक आहे. माल पाठवण्याआधी हे करा.
४. युरोप आणि ब्रिटनसाठी निर्यात तपासणी परिषदेचे प्रमाणपत्र.
५. अमेरिकेसाठी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे गिरणीची नोंदणी आणि माल पोहोचण्याआधीची पूर्वसूचना.

बाकी बीजक, पॅकिंग यादी, मूळ देशाचा दाखला हे तुमचा कस्टम ब्रोकर सांगेलच.

आपल्याच सरकारने दार लावले तर?

नियमांचा ताण फक्त परदेशातून येतो असे नाही. १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात थांबली. त्याच सप्टेंबरात कणीवर बंदी आली. २० जुलै २०२३ रोजी बासमतीखेरीजच्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली झाली. प्रत्येक वेळी बंदरावर माल अडकला.

अशा वेळी अधिसूचनेचा पूर्ण मजकूर वाचा. परकीय व्यापार धोरणात संक्रमणकाळाची तरतूद आहे. बंदीआधी उघडलेल्या, रद्द न होणाऱ्या पतपत्रावरचा माल तिच्या आधारे जाऊ शकतो, मात्र ते पतपत्र ठरलेल्या मुदतीत नोंदवावे लागते. २०२२ मध्ये गव्हाला पतपत्राच्या तारखेवर सवलत मिळाली. २०२३ च्या तांदूळ अधिसूचनेत मात्र ही तरतूद लागू नाही असे स्पष्ट लिहिले होते, आणि भरणी सुरू झालेल्या किंवा सीमाशुल्काच्या ताब्यात गेलेल्या मालालाच वाट मिळाली. मागच्या वेळच्या अनुभवावर विसंबू नका. मागच्या तारखेचे कागद करून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०२२ मध्ये असे प्रकार उघडकीस आले आणि त्यानंतर सगळ्यांचीच छाननी कडक झाली.

करारात ही वाक्ये असू द्या

- कोणत्या देशाच्या, कोणत्या तारखेला लागू असलेल्या मर्यादा पाळायच्या आहेत. ‘निर्यातीच्या दर्जाचा माल’ एवढेच लिहिले असेल, तर सही करू नका.
- कोणत्या प्रयोगशाळेचा, कोणत्या टप्प्यावरचा अहवाल अंतिम धरायचा.
- माल समुद्रात असताना नियम बदलला, तर भार कोणाचा.
- सरकारी बंदी आली, तर दोन्ही बाजू मोकळ्या की दंड.
- वाद झाला तर लवाद कुठे बसेल. लंडनचा लवाद लिहिला असेल, तर तिथला खर्च पेलेल का याचा विचार आधी करा.

निर्यात पत विमा घेतला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खरेदीदार बुडाला किंवा त्याने पैसे थकवले, तर तो उपयोगी पडतो. ‘माल दर्जाचा नव्हता’ असा वाद खरेदीदाराने उभा केला, तर तो वाद त्याच्या देशातल्या न्यायालयात तुमच्या बाजूने निकाली निघेपर्यंत विमा सहसा हात देत नाही. विम्याचा मजकूर वाचताना हा परिच्छेद शोधून वाचा.

माल अडलाच, तर

पहिल्या दिवशी नकाराचा लेखी आदेश आणि प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल मागा. खरेदीदाराच्या फोनवर विश्वास ठेवून भाव पाडू नका. भाव उतरला की माल ‘नापास’ ठरवण्याचा मोह काहींना होतो, आणि कागद मागितला की असे पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

युरोपीय संघात तुम्हाला दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागण्याचा हक्क कायद्याने आहे. खर्च तुमचा असतो. तुमच्याकडे सील केलेला नमुना आणि फवारणीची वही असेल, तरच या हक्काला अर्थ येतो. माल नापासच ठरला, तर तो नष्ट करणे, परवानगी असेल तर प्रक्रिया करणे किंवा संघाबाहेर पाठवणे असे मार्ग असतात. बाहेर पाठवायला साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. गोदामभाडे आणि कंटेनरभाडे रोज चढत असते, म्हणून निर्णय लवकर घ्या.

अमेरिकेत एकदा ‘इम्पोर्ट अलर्ट’च्या यादीत नाव गेले, की पुढचा प्रत्येक कंटेनर तपासणीआधीच अडवला जातो. यादीतून बाहेर पडायला सहसा निदान पाच लागोपाठचे स्वच्छ कंटेनर दाखवावे लागतात.

त्याच दिवशी अपेडाला आणि, तपासणी त्यांची असेल तर, निर्यात तपासणी परिषदेला कळवा. बदनामीच्या भीतीने लपवू नका. एखाद्या देशाचा नियम अवाजवी असेल, तर जागतिक व्यापार संघटनेत तक्रार फक्त सरकार मांडू शकते, आणि सरकारला त्यासाठी तुमच्यासारख्यांचे कागद लागतात. नियम येण्याआधीही बोलता येते. नव्या नियमाचा मसुदा कळवल्यावर सूचनांसाठी सहसा ६० दिवस देतात. ‘ई-पिंग’ या मोफत सेवेवर ‘तांदूळ’ आणि तुम्ही माल पाठवता तो देश निवडून ठेवलात, तर अशा मसुद्याची सूचना थेट ई-मेलवर येते. इंग्रजीची अडचण असेल, तर गावातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला हे काम नेमून द्या, पण ते कोणाच्या तरी नावावर असू द्या.

माल परत आणायची वेळ आली, तर तो भारतात विकण्याआधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) मंजुरी पुन्हा लागते आणि निर्यातीवर घेतलेले लाभ परत भरावे लागतात. हा खर्च परतीच्या बोटभाड्याच्या वर धरा आणि मगच ठरवा, की माल घरी आणायचा की जवळच्या, वेगळ्या मर्यादा असलेल्या देशात, सगळे अहवाल त्या खरेदीदारापुढे उघड ठेवून, विकायचा.